बाळ घडते ते आनुवंशिकतेने किती आणि परिस्थितीने किती?

सोनचाफा

सर्वांना नमस्कार. मला चौथा महिना संपत आला आहे आणि हे आमचे पहिलेच बाळ आहे. तपासण्या वेळेवर होत आहेत, प्रकृती ठीक आहे; त्यामुळे हा प्रश्न औषधोपचारासाठी नसून एक गोष्ट नीट समजून घेण्यासाठी विचारते आहे.

आमच्या दोन्ही घरांत मधुमेह आहे. माझ्या वडिलांना तो चाळिशीच्या आतच झाला, सासूबाईंना पन्नाशीत झाला, आणि यजमानांच्या धाकट्या काकांना तर अंगाने अगदी सडसडीत असूनही झाला. बाळाची चाहूल लागल्यापासून घरातली बोलणी दोन टोकांना जातात. सासूबाई म्हणतात, खाण तशी माती. रक्तातून जे यायचे ते येणारच, त्याची आत्तापासून चिंता करून काय उपयोग? माझ्या आईचे म्हणणे नेमके उलट आहे. नऊ महिन्यांत गर्भावर जे संस्कार होतील तेच खरे, असे ती मानते आणि तिने मला गर्भसंस्काराच्या वर्गाला घातलेही आहे. तिथे अभिमन्यूची कथा सांगतात आणि आईच्या मनातला प्रत्येक विचार बाळावर उमटतो असेही सांगतात. तिथली गाणी ऐकून मला खरोखर बरे वाटते. पण एखाद्या दिवशी घरी चिडचिड झाली किंवा रडू आले, की आपण बाळाचे काही बिघडवले की काय, ही भीती रात्रभर जात नाही.

यजमान आकड्यांत विचार करणारे आहेत. उंची ८० टक्के आनुवंशिक असते असे त्यांनी कुठेतरी वाचले आणि तेव्हापासून ते विचारतात, की मग मधुमेहाचे किती टक्के, बुद्धीचे किती, स्वभावाचे किती? अशी वाटणी खरेच करता येते का? गर्भधारणेच्या क्षणी काय ठरून जाते आणि काय मोकळे राहते? आपल्याकडच्या स्त्रियांवर, आपल्याकडच्या मुलांवर याचा अभ्यास झाला असेल तर तेही कोणी सांगावे.

काळी माती

मी तीस वर्षे सोलापूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. यजमानांचा टक्केवारीचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गर्भधारणेच्या वेळी आईच्या बीजांडातील २३ आणि वडिलांच्या शुक्राणूतील २३ अशी ४६ गुणसूत्रे एका पेशीत एकत्र येतात. ही २३ गुणसूत्रे म्हणजे आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांची जशीच्या तशी नक्कल नसते. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना आजीकडून आणि आजोबांकडून आलेल्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात आणि म्हणूनच एकाच आईवडिलांची दोन भावंडे रूपाने, प्रकृतीने इतकी वेगळी निघू शकतात. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर ठरते; अजूनही या कारणावरून सुनांना बोल लावले जातात, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता, इथपर्यंत आनुवंशिकता आणि इथून पुढे परिस्थिती, अशी रेघ या क्षणापाशी ओढता येईल असे वाटते. पण ती ओढता येत नाही. बीजांड म्हणजे नुसती गुणसूत्रे नव्हेत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बीजांडातूनच, म्हणजे केवळ आईकडून येतात आणि त्यांची स्वतःची ३७ जनुके असतात. पहिली काही पेशीविभाजने बीजांडात आधीपासून साठवलेल्या प्रथिनांच्या आणि आईच्या जनुकांच्या निरोपांच्या जोरावर होतात. शिवाय स्त्रीच्या अंडाशयातील बीजांडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेल्या असतात. म्हणजे तुमचे बाळ ज्या बीजांडापासून वाढते आहे, त्याची सुरुवात तुमच्या आईच्या गर्भाशयात झाली होती आणि तुमच्या आईने त्या महिन्यांत काय खाल्ले, किती कष्ट केले, हे त्या पेशीच्याही परिस्थितीचा भाग होते. मग तिला तुमच्या बाळाची आनुवंशिकता म्हणायचे की परिस्थिती?

टक्केवारीकडे येतो. तव्यावरच्या भाकरीत पीठ किती टक्के आणि आच किती टक्के, असे कोणी विचारले तर उत्तर देता येणार नाही, कारण दोहोंपैकी एक नसेल तर भाकरीच नसते. मात्र दहा घरांतल्या दहा भाकऱ्या एकमेकींपेक्षा वेगळ्या का झाल्या, असे विचारले तर उत्तर देता येते. सगळ्यांनी एकाच गोणीतले पीठ वापरले असेल आणि चुली वेगवेगळ्या असतील, तर फरक आचेचा. चुली सारख्या आणि पिठे निराळी असतील, तर फरक पिठाचा. यजमानांनी वाचलेला ८० टक्क्यांचा आकडा या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो एका माणसाच्या उंचीची वाटणी सांगत नाही. एका विशिष्ट समाजात, एका विशिष्ट काळी, माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो त्यापैकी किती फरकाचा संबंध जनुकांमधील फरकाशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. जिथे बहुतेक सर्व मुलांना पोटभर आणि सकस अन्न मिळते, तिथे चुली सारख्या झालेल्या असतात, म्हणून तो आकडा मोठा येतो. जिथे एका मुलाला दूध मिळते आणि दुसऱ्याला वारंवार जुलाब होतात, तिथे तोच आकडा खाली येतो. जनुके मात्र कुठेच बदललेली नसतात.

आणि हा आकडा मोठा आहे म्हणून ती गोष्ट बदलत नाही, असेही समजू नये. नेदरलँड्सचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात ठेंगण्यांमध्ये गणले जात. आज ते जगातील सर्वांत उंच लोकांमध्ये आहेत. दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची तर एका शतकात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या थोड्या पिढ्यांत एखाद्या समाजाची जनुके इतकी पालटत नाहीत. अन्न, पाणी, आजारपणे आणि घरातल्या मुलांची संख्या पालटते. आमच्या भागातला शेतकरी हे न शिकता जाणतो. मालदांडी ज्वारीचे एकाच कणसाचे बी खोल काळ्या रानात पेरले आणि मुरमाड माळावर पेरले, तर एका रानातल्या ताटांमधला आपसातला फरक बियाण्याचा असू शकेल, पण दोन रानांमधला फरक बियाण्याचा आहे असे तो कधीच म्हणणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र शिकलेल्या लोकांनी हीच चूक केली. १८७४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी निसर्ग आणि संगोपन ही जोडी एकमेकांसमोर उभी केली, पुढे त्यांच्याच विचारातून सुप्रजननाची चळवळ निघाली, आणि १९०७ पासून अमेरिकेतील एकामागून एका राज्याने ‘हीन’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे केले. म्हणून या टक्केवारीला मी निरुपद्रवी कुतूहल मानत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सुटून जाते. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांची जनुके सारखी असतात, गर्भाशय एकच असते, तरी त्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात. हे ठसे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटतात आणि त्या वेळी बोटाच्या टोकावरील त्वचेवर पडलेला बारीकसा ताण, गर्भजलातील स्थिती, वाढीचा वेग अशा गोष्टींनी त्यांच्या रेषा वळतात. त्यात ना आनुवंशिकतेचा फरक असतो, ना कोणाच्या वागण्याचा. वाढीमध्ये निव्वळ योगायोगालाही जागा आहे, हे मान्य केले की मनावरचे बरेच ओझे उतरते.

परसबाग

सोनचाफाताई, मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सरांनी पाया घातलाच आहे. आपल्याकडच्या अभ्यासाबद्दल तुम्ही विचारले, त्याविषयी मी लिहिते, कारण या विषयावरचे जगात नावाजलेले काम आपल्याच जिल्ह्यात झाले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची वजने-मापे गरोदर राहण्याआधीपासून घेतली गेली, मग गरोदरपणात त्यांचा आहार आणि शेतातले-घरातले कष्ट नोंदवले गेले, आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. या स्त्रियांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपली बाळे लांबीला, डोक्याच्या घेराला, पोटाला, दंडाच्या स्नायूंना, सगळीकडे लहान होती. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ राखून ठेवलेली होती. बाळ दिसायला बारीक, पण आतून प्रमाणापेक्षा स्निग्ध. पुढे पुणे आणि लंडन येथील नवजात बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली, तेव्हा आपल्या बाळांमध्ये इन्सुलिनही वजनाच्या मानाने जास्त आढळले.

हे वाचून तुमच्या यजमानांच्या काकांची आठवण होणे साहजिक आहे. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच मोजमाप छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडसडीत माणसाला मधुमेह कसा होतो, याचे एक मोठे उत्तर त्यात आहे, आणि त्या उत्तराची मुळे जन्माच्या आधीपर्यंत जातात.

मग हे सारे ‘रक्तातून’ आलेले नाही का? काही अंशी जनुकांतून येतच असेल. पण त्याच खेड्यांतील ज्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. जवळजवळ दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, तर फोलेटची (गोळीतून फोलिक ॲसिड म्हणून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची) कमतरता क्वचितच होती. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्यात इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत जास्त दिसले. ही दोन्ही जीवनसत्त्वे शरीरातील ज्या रासायनिक साखळीत काम करतात, तिच्यातूनच जनुकांवर लागणाऱ्या मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणांना माल पुरवला जातो. जनुकातील मजकूर या खुणांनी बदलत नाही, पण कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे ठरायला त्यांची मदत होते.

अशा खुणा किती टिकतात, याचा पुरावा युरोपातील एका दुःखद घटनेतून मिळाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सची अन्नवाहतूक अडवली आणि माणशी रोजचे अन्न हजार उष्मांकांच्या खाली, काही काळ तर त्याच्या निम्म्यावर आले. उपासमार कधी सुरू झाली आणि कधी संपली याच्या तारखा नक्की माहीत असल्यामुळे, कोणते मूल गर्भाच्या कोणत्या महिन्यात उपाशी राहिले हे सांगता येते. शेवटच्या महिन्यांत ज्यांची आई उपाशी होती ती बाळे कमी वजनाची जन्मली. पहिल्या महिन्यांत ज्यांची आई उपाशी होती, ती वजनाने साधारण ठीक जन्मली, पण मोठेपणी हृदयविकाराचे प्रमाण त्यांच्यात अधिक निघाले. आणि साठ वर्षांनंतरही वाढीशी संबंधित एका जनुकावरील मिथाइलच्या खुणा, उपासमारीत न सापडलेल्या त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी आढळल्या. जन्मवजन ठीक आहे म्हणजे सगळे ठीक, हा आपला समज यामुळे डळमळतो.

मधुमेहाच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास अमेरिकेतील ॲरिझोनाच्या पिमा या आदिवासी समाजातला आहे. एकाच आईची दोन मुले घेतली: एक तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेले आणि एक मधुमेह झाल्यावर जन्मलेले. आईवडील तेच, म्हणजे जनुकांचा साठा तोच. तरीही नंतरच्या मुलात मधुमेहाचा धोका बराच जास्त होता. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते, पण तिचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवू लागते, चरबी साठू लागते, आणि मुलगी असेल तर हेच पुढे तिच्या स्वतःच्या गरोदरपणातही घडू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ‘यांच्या घराण्यातच आहे’. घराण्यात आहे हे खरे, पण ते जनुकांच्या वाटेने जेवढे उतरते त्याशिवाय गर्भाशयाच्या वाटेनेही उतरते, आणि ही दुसरी वाट अडवता येते.

सोनचाफा

सर, परसबागताई, दोघांचेही मनापासून आभार. भाकरीचे उदाहरण मी सासूबाईंना वाचून दाखवले आणि त्यांना ते लगेच पटले. पण ताईंचे वाचून माझी भीती कमी होण्याऐवजी थोडी वाढली आहे. मी शाकाहारी आहे, मला दूध फारसे आवडत नाही, आणि पहिले तीन महिने उलट्यांमुळे मी जवळजवळ काहीच खाल्ले नाही. मग आधी जे ‘रक्तातून येणार’ होते, ते आता ‘माझ्यामुळे होणार’ असे झाले ना?

दीपमाळ

सोनचाफाताई, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठीच मी लिहितो आहे, कारण ‘कोणामुळे’ हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने धुमसत होता.

आमच्या मुलाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काविळ वाढली. नवजात बाळांना थोडी काविळ होतेच असे आम्हाला सांगितले होते, पण ही वेगाने चढत गेली. निळ्या दिव्याखाली ठेवूनही पुरेना, म्हणून शेवटी त्याचे रक्त बदलावे लागले. त्या गडबडीत एका वयस्कर डॉक्टरबाईंनी माझ्या आईला विचारले, ‘बाळाचे कपडे कुठे ठेवले होते?’ माझ्या आईने मोठ्या हौसेने माझी स्वतःची कुंची, दुपटी, झबली तीस वर्षे ट्रंकेत जपून ठेवली होती आणि कसर लागू नये म्हणून त्यांत डांबरगोळ्या घातल्या होत्या. बाळ घरी येणार म्हणून तिने तेच कपडे उन्हात न टाकता तसेच आणले होते.

तपासणीत कळले की मुलाच्या रक्तपेशींत जी६पीडी नावाचे विकर कमी आहे. हे विकर लाल पेशींना काही रसायनांपासून वाचवते. ते कमी असेल आणि डांबरगोळीतील नॅप्थॅलीन श्वासातून किंवा कातडीतून आत गेले, तर पेशी फुटू लागतात. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते, म्हणून हा दोष त्याला माझ्या पत्नीकडून आला. तिला स्वतःला कधी काही झाले नव्हते. नंतर तिच्या भावाची तपासणी केली तर त्यालाही तोच दोष निघाला, आणि तो पस्तीस वर्षे ठणठणीत जगलेला.

आता सांगा, काविळ कोणामुळे झाली? माझे नातेवाईक म्हणत, सुनेच्या माहेरचा दोष. तिकडचे म्हणत, आजीच्या गोळ्या. त्याच ट्रंकेतली कुंची घालून मी लहानाचा मोठा झालो, मला काही झाले नाही. आणि मुलाच्या मामाने तेच जनुक घेऊन पस्तीस वर्षे काढली, त्यालाही काही झाले नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हाच आजार झाला. पुढे मला कळले की हा दोष जगात ४० कोटींहून अधिक लोकांमध्ये आहे आणि जिथे पूर्वापार मलेरिया होता तिथे तो जास्त आढळतो, कारण मलेरियापासून तो काही प्रमाणात संरक्षण देतो. म्हणजे ज्याला आम्ही पत्नीच्या माहेरचा ‘दोष’ म्हणत होतो, तो कधीकाळी तिच्या पूर्वजांना तारून गेलेला असावा.

मुलगा आज नववीत आहे आणि कबड्डी खेळतो. टाळायच्या औषधांची यादी त्याच्या दप्तरात असते, एवढाच काय तो फरक. माझ्या आईने मात्र कितीतरी महिने त्याला कडेवर घेताना डोळे टिपले. तिला कोणी तरी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते की यात अपराध कोणाचाच नाही, आणि ते काम माझे होते.

सनई

गर्भसंस्कार आणि अभिमन्यू यांविषयी थोडे सांगते. मी श्रवण व वाचा तज्ज्ञ आहे.

सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देते. पण गर्भजल आणि पोटाच्या भिंतीतून मुख्यतः खालचे सूर पोचतात. व्यंजने पुसट होतात, वाक्याची चाल आणि ठेका मात्र पोचतो. त्यामुळे चक्रव्यूहाची रचना पोटात शिकता येत नाही, पण आईचा आवाज आणि तिच्या भाषेची चाल ओळखीची होते. नवजात बाळ इतर बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते हे १९८० सालीच प्रयोगाने दाखवले गेले. २००९ मधील एका अभ्यासात तर फ्रेंच बाळांचे रडणे चढत्या चालीचे आणि जर्मन बाळांचे उतरत्या चालीचे आढळले, म्हणजे ज्याची भाषा जशी वळते तसे त्याचे रडणे. तेव्हा गाणी जरूर म्हणा, पोटावर हात ठेवून बाळाशी बोला. त्यातून त्याला तुमची ओळख होते. एखाद्या दिवशी आलेल्या रडूने मात्र त्याचे काही बिघडत नाही. दीर्घकाळ टिकणारी उदासी किंवा घरातला सततचा जाच ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर मदत घ्यायला हवी, पण चिडचिडीच्या संध्याकाळी त्यात मोडत नाहीत.

भाषेचेच एक उदाहरण आपल्या सर्वांच्या तोंडात आहे. १९८४ मध्ये कॅनडातील जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवले की इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ऐकू येतो, मात्र वर्षाची होता होता त्यांची ही क्षमता ओसरते, कारण भोवतालच्या बोलण्यात तो फरक कोणी वापरत नाही. आपल्या बाळांमध्ये ती टिकते. कान आणि मेंदू जनुकांनी घडवून आणलेले असतात, पण त्यांतले काय राखायचे हे घरातली बोली ठरवते. म्हणूनच बाळ जन्मल्यावर त्याची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे कारण आनुवंशिक असते, आणि बहुतेकदा घरात कोणीही बहिरे नसते. पण वेळेत कळले तर श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण) किंवा खुणांची भाषा यांपैकी जे योग्य असेल त्याने मुलाला भाषा मिळते. उशिरा कळले तर कानापेक्षा भाषेचे नुकसान अधिक होते.

परसबाग

सोनचाफाताई, माझ्या लिहिण्याने तुम्हाला भीती वाटली याचे वाईट वाटते, कारण मला सांगायचे होते ते जवळजवळ उलट होते. पहिल्या तिमाहीतल्या उलट्या अतिशय सर्रास असतात. त्या काळात बाळ काही ग्रॅमचेच असते आणि तुमच्या शरीरातील साठ्यांवर सहज वाढते. नेदरलँड्समधली ती उपासमार म्हणजे महिनोन्‌महिने संपूर्ण समाजाचे अन्न तुटणे होते, तिची तुमच्याशी तुलना करू नका. आणि खेड्यांतल्या त्या ४२ किलोच्या स्त्रिया स्वतःच्या चुकीने तशा झालेल्या नव्हत्या. त्या स्वतः लहानपणी अर्धपोटी वाढलेल्या, लवकर लग्न झालेल्या, सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या होत्या. गर्भाची परिस्थिती म्हणजे आईचे वर्तन, असा अर्थ काढणे मला शास्त्रदृष्ट्याही चुकीचे वाटते आणि माणुसकीलाही धरून वाटत नाही. आईच्या ताटात काय पडते हे घर, शेत, मजुरी आणि रेशनचे दुकान ठरवते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून झालेल्या एका प्रयोगात पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना रोज दिला गेला. एकूण गटात जन्मवजन वाढले नाही. पण ज्यांनी तो गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी सुमारे ४८ ग्रॅमने भरलेली होती, आणि गरोदरपणातील मधुमेहही खाऊ घेणाऱ्यांत कमी आढळला. पुण्याच्या अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना पुढे ती स्वतः आईबाप होण्याआधीच, किशोरवयात, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला. पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे नुकतेच कळत असते. म्हणूनच फोलिक ॲसिड आधीपासून घ्यायला सांगतात. तयारीचा काळ मुलीच्या लहानपणापासून सुरू होतो, तो एकट्या गरोदर बाईच्या नऊ महिन्यांवर लादता येत नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर दोन गोष्टी आत्ता हातात आहेत. तुम्ही शाकाहारी आहात आणि दूध कमी घेता, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना बी-१२ तपासण्याविषयी विचारा. फोलिक ॲसिडची गोळी मनाने बंद करू नका, बी-१२ कमी निघाले तर ते वेगळे द्यावे लागते. दूध आवडत नसेल तर दही, ताक, पनीर चालेल. दुसरी गोष्ट साखरेची. दोन्ही घरांत मधुमेह आहे, तेव्हा पहिल्या भेटीत ग्लुकोजचे पाणी पाजून साखर तपासली होती का ते कागदांत पाहा. तपासली नसेल तर लगेच करून घ्या आणि तपासली असेल तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करून घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर आहार आणि गरज पडल्यास इन्सुलिन यांनी ती आटोक्यात ठेवता येते. सासूबाईंना बरोबर घेऊन जा; त्यांनी पन्नाशीपासून साखर सांभाळली आहे, तेव्हा घरात काय शिजवायचे हे त्यांच्याइतके नेमके तुम्हाला दुसरे कोणी सांगणार नाही.